जुना कंप्रेसर आणि तांब्याची नळी घेऊन घरीच कुल्फीचा चिलर बनवता येतो, पण आधी हे गणित करा

उन्हाळा आला की मोबाईलवर ठराविक व्हिडिओ फिरायला लागतात. भंगारातून आणलेला फ्रिजचा कंप्रेसर, तांब्याच्या नळीचं वेटोळं, थर्मोकोल लावलेली स्टीलची टाकी आणि त्यात उभे केलेले कुल्फीचे साचे. तीस सेकंदांत कुल्फी तयार. खाली कमेंटमध्ये लोक विचारतात, "दादा, खर्च किती आला?"

व्हिडिओ बघून अनेकजण कामाला लागतात. मशीन चालू होतं, नळीवर बर्फही धरतो. पण टाकीतलं तापमान उणे ५ च्या आसपास येऊन अडकतं आणि कुल्फी काही घट्ट होत नाही. मेकॅनिक येतो, गॅस कमी आहे म्हणतो, गॅस भरून जातो. दुसऱ्या दिवशी परत तेच.

बऱ्याचदा दोष गॅसचा नसतोच. दोष असतो मापाचा. कंप्रेसर किती ताकदीचा हवा आणि आत बुडवायची नळी, म्हणजेच इव्हॅपोरेटर किती लांबीचा हवा, हे गणित कोणी केलेलंच नसतं.

हे गणित दहावीच्या विज्ञानापलीकडचं नाही. तेच समजून घेऊ.

आधी चिलर काम कसं करतो ते बघू

चिलर थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो.

त्यासाठी चार भाग लागतात. इव्हॅपोरेटरमध्ये रेफ्रिजरंट, म्हणजे ज्याला आपण सरसकट गॅस म्हणतो तो, कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. कंप्रेसर ती वाफ शोषून दाबतो. कंडेन्सर ती उष्णता हवेत सोडतो आणि वाफेचा पुन्हा द्रव होतो. मग कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब पडतो आणि तो परत इव्हॅपोरेटरमध्ये येतो.

यात लक्षात ठेवायचा आकडा म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये गॅस ज्या तापमानाला उकळतो ते तापमान. टाकी उणे १८ वर ठेवायची असेल, तर गॅस त्याहून थंड असायला हवा, साधारण उणे २८. मध्ये हा दहा अंशांचा फरक असेल, तरच उष्णता टाकीतून नळीत जाईल.

पुढचं सगळं गणित या उणे २८ भोवती फिरतं.

पहिली पायरी : उष्णता किती उचलायची?

एक उदाहरण घेऊ. ५० ग्रॅमच्या १०० कुल्फ्या, म्हणजे ५ किलो मिश्रण. टाकी ५० लिटरची. टाकीतला द्रव उणे १८ वर ठेवायचा आहे. बाहेर खोलीत ३८ अंश.

कुल्फीचं १ किलो मिश्रण १० अंशांवरून उणे १२ पर्यंत नेऊन घट्ट करायला साधारण २२० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. यातली बरीचशी उष्णता निव्वळ पाण्याचा बर्फ होताना निघते. नुसतं १ किलो पाणी गोठतानाच ३३४ किलोज्यूल सोडतं. कुल्फीत पाणी कमी आणि दूध-साखरेचा भाग जास्त असतो, शिवाय सगळं पाणी गोठत नाही, म्हणून आकडा थोडा खाली येतो.

५ किलो गुणिले २२० म्हणजे ११०० किलोज्यूल.

आता प्रश्न येतो, किती वेळात? हे काम एका तासात, म्हणजे ३६०० सेकंदांत करायचं असेल तर ताकद लागेल साधारण ३०५ वॉट. दोन तास दिले तर तेच काम १५३ वॉटमध्ये होतं.

पण एवढ्यावर भागत नाही. आणखी दोन वाटांनी उष्णता आत येत असते.

पहिली वाट भिंतींची. आपल्या टाकीला चारी बाजूंनी ५ सेंटीमीटर जाडीचा पफ लावला, तर भिंतींतून साधारण ३० वॉट आत येतात. तेवढ्याच जाडीच्या थर्मोकोलमधून ४० च्या वर. झाकण, सांधे, साच्यांची उघडी तोंडं धरली तर ६० वॉट मोजलेले बरे.

दुसरी वाट कुणाच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे द्रव ढवळणारा पंप. ४० वॉटचा पंप टाकीत बुडवला, तर त्याचे ४० वॉट शेवटी उष्णता होऊन त्याच द्रवात मिसळतात.

बेरीज करा. ३०५ अधिक ६० अधिक ४०, म्हणजे ४०५ वॉट. त्यावर २५ टक्के वाढीव धरले की आकडा येतो साधारण ५०० वॉट.

फ्रिजच्या कंप्रेसरवर केलेला तो व्हिडिओवाला चिलर का अडकतो, याचं उत्तर इथेच मिळतं. घरगुती फ्रिजचा कंप्रेसर इतक्या कमी तापमानाला ढोबळमानाने १०० ते २०० वॉट उष्णता उचलतो. समजा १५० वॉट. त्यातले १०० वॉट भिंती आणि पंप खातात. कुल्फीसाठी उरतात ५० वॉट. ११०० किलोज्यूल ५० वॉटने उचलायला सहा तास लागतात. तोवर कुल्फीत बर्फाचे मोठे खडे झालेले असतात आणि ती जिभेला खरखरीत लागते. मलईदार कुल्फीसाठी ती भराभर गोठणं गरजेचं असतं.

दुसरी पायरी : कंप्रेसरवरचा एचपी विसरा

आता तुम्ही म्हणाल, फ्रिजचा कंप्रेसर कमी पडतो तर एसीचा लावू. एक टनाचा एसी ३५०० वॉट उष्णता उचलतो. आपल्याला हवेत ५००. म्हणजे सात पट ताकद झाली की!

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

आधी 'टन' म्हणजे काय ते बघू. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी ही ताकद. वॉटमध्ये सांगायचं तर साधारण ३५००. पण एसीचा कंप्रेसर ही ताकद दाखवतो ती गॅस अधिक ५ ते ७ अंशांना उकळत असताना. आपल्याला गॅस उकळवायचा आहे उणे २८ ला.

फरक कुठे पडतो? कंप्रेसर हा मुळात पंप आहे. त्याचा पिस्टन प्रत्येक फेरीत ठराविक आकारमानाची वाफ ओढतो. एक लिटर म्हणजे एक लिटर. पण त्या एका लिटरमध्ये गॅस किती ग्रॅम आहे, हे तापमानावर ठरतं.

आर-१३४ए या गॅसचे आकडे बघा.

अधिक ५ अंशांना एका लिटर वाफेत साधारण १७ ग्रॅम गॅस.
उणे १० ला १० ग्रॅम.
उणे ३० ला फक्त साडेचार ग्रॅमच्या आसपास.

पिस्टन तोच, मोटर तीच, बिलही येतंच. पण प्रत्येक फेरीत हाती लागणारा गॅस पावपट. शिवाय थंड बाजू आणि गरम बाजू यांच्या दाबातली तफावत वाढल्याने कंप्रेसरची कार्यक्षमताही घसरते. सगळं मिळून अधिक ५ वर ३५०० वॉट देणारं यंत्र उणे ३० ला पाचवा-सहावा हिस्सासुद्धा मुश्किलीने देतं.

मग पाचवा हिस्सा म्हणजे ७०० वॉट, ते तर पुरतील? कागदावर पुरतात. पण एसीचा कंप्रेसर या कामासाठी बनवलेलाच नसतो. आतून जाणारा गॅस मोटरला थंड ठेवतो आणि इथे गॅसच कमी. दुसरीकडे वाफ इतकी दाबावी लागते की बाहेर पडताना ती भलतीच तापते. तेल पातळ होतं, जळतं आणि काही दिवसांत कंप्रेसर बसतो. त्यातून एसी इन्व्हर्टरचा असेल तर त्याच्या बोर्डाशिवाय कंप्रेसर चालतच नाही.

म्हणून कंप्रेसर घेताना दुकानदाराला एचपी विचारू नका. तीन गोष्टी विचारा.

एक, कंप्रेसर एलबीपी आहे का? एलबीपी म्हणजे कमी दाबाखाली, कमी तापमानाला चालण्यासाठी बनवलेला. डीप फ्रीझरमध्ये हाच असतो. एमबीपी बाटल्यांच्या कूलरसारख्या कामाला, तर एचबीपी त्याहून वरच्या तापमानाला.

दोन, तो कुठल्या गॅसचा आहे? प्रत्येक गॅसचं तेल आणि दाब वेगळा असतो.

तीन, त्याचा क्षमतेचा तक्ता. कंपन्या प्रत्येक मॉडेलचा तक्ता देतात, त्यात वेगवेगळ्या तापमानाला किती वॉट ते लिहिलेलं असतं. एलबीपीचा ठळक छापलेला आकडा बहुतेकदा उणे २३.३ अंशांचा असतो. आपल्याला उणे २८ च्या जवळचा रकाना बघायचा आहे, आणि तिथे ५०० वॉट दिसले पाहिजेत.

तक्त्यात कंडेन्सरचं तापमानही बघा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो. तिथे कंडेन्सर ५५ ते ६० अंशांवर चालणार. ४० अंशांचा रकाना बघून कंप्रेसर घेतला, तर ऐन हंगामात तो कमी पडेल.

गॅस कोणता?

आर-१३४ए साध्या वातावरणीय दाबाला उणे २६ अंशांना उकळतो. म्हणजे उणे २८ ला आतल्या नळीत निर्वात होऊ लागतो. कुठे बारीक गळती असेल तर गॅस बाहेर जाण्याऐवजी बाहेरची हवा आणि ओलावा आत ओढला जातो. तो ओलावा कॅपिलरीत गोठला की यंत्र ठप्प.

आर-४०४ए उणे ४६ च्या आसपास उकळतो, त्यामुळे या कामाला सोयीचा. पण तापमानवाढीच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास चार हजार पट घातक. २०१६ च्या किगाली करारानंतर जगभर असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी केले जात आहेत.

आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. उणे ४२ ला उकळतो, पर्यावरणाला सोपा, कामाला उत्तम, पण पेट घेणारा. त्याच्यासाठी बनवलेला कंप्रेसर आणि त्याचं प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ असेल तरच तो वापरायचा. काही व्हिडिओंमध्ये घरगुती सिलिंडरचा गॅस भरताना दाखवतात. ते अजिबात करू नका. त्यात प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, प्रमाण ठरलेलं नसतं, ओलावा असू शकतो आणि ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

तिसरी पायरी : नळी किती मीटर?

इव्हॅपोरेटरचं गणित एका ओळीचं आहे. उचलली जाणारी उष्णता म्हणजे नळीचं क्षेत्रफळ, गुणिले तापमानातला फरक, गुणिले उष्णता किती सहज जाते तो आकडा.

तापमानातला फरक आपण १० अंश धरलाय. टाकीतला द्रव पंपाने नीट फिरत असेल, तर तिसरा आकडा ढोबळमानाने १५० वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरता येतो.

५०० भागिले १५०० म्हणजे ०.३३ चौरस मीटर.

पाऊण सुताची नव्हे, तीन सुताची, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटरची तांब्याची नळी घेतली तर तिच्या प्रत्येक मीटरला ०.०३ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. म्हणजे लागली ११ मीटर नळी.

आता पंप बंद करा. द्रव स्थिर झाला की तो १५० चा आकडा ५० पर्यंत घसरू शकतो. मग त्याच कामाला ३३ मीटर नळी हवी. चाळीस वॉटचा पंप उष्णता वाढवतो खरा, पण बावीस मीटर तांबं वाचवतो.

आणि नळी कमी टाकली तर? समजा पैसे वाचवायला ४ मीटरच टाकली. ५०० वॉट उचलायला आता फरक लागेल जवळपास २८ अंशांचा. म्हणजे गॅस उणे ४६ ला उकळायला हवा. तिथे एकेरी कंप्रेसरमध्ये फारसा जीव उरत नाही. मग यंत्र मधेच कुठेतरी तडजोड करतं. नळी पांढरीशुभ्र होते, बघणाऱ्याला वाटतं काय थंड करतंय, पण टाकी थंड होत नाही.

उलट गरजेपेक्षा फार लांब नळी टाकली तर दाबाचा तोटा वाढतो आणि कंप्रेसरमधून वाहत आलेलं तेल नळीतच साचून राहतं. कंप्रेसर कोरडा पडतो. म्हणूनच ११ मीटरची सलग नळी टाकण्याऐवजी साडेपाच मीटरचे दोन सारखे फाटे करतात. तेवढ्याच पृष्ठभागात दाबाचा तोटा कमी होतो. फक्त दोन्ही फाट्यांत गॅस सारखा वाटला जायला हवा.

टाकीत भरायचं काय?

हातगाडीवरचा कुल्फीवाला पूर्वापार बर्फात मीठ घालत आला आहे. मिठाचं पाणी योग्य प्रमाणात उणे २१ पर्यंत गोठत नाही, हे त्यामागचं विज्ञान.

मग चिलरमध्येही मिठाचं पाणी का नको? टाकी तर उणे १८ लाच आहे. कारण नळीची भिंत उणे २८ च्या जवळ आहे. तिला चिकटलेलं मीठपाणी तिथे गोठणार, नळीवर बर्फाचा थर चढणार आणि तो थर पांघरुणासारखा उष्णता अडवणार. द्रव टाकीच्या तापमानाला न गोठून भागत नाही, तो नळीच्या तापमानालाही पातळ राहायला हवा. वर मीठ धातूला गंज चढवतं ते वेगळंच.

निम्मं पाणी आणि निम्मं प्रोपिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उणे ३० च्या खालीही गोठत नाही. मात्र खाद्य दर्जाचंच घ्या. गाडीच्या रेडिएटरचा कूलंट बहुतेकदा एथिलीन ग्लायकॉलचा असतो आणि तो विषारी आहे. साच्याला एक छिद्र असलं तरी तो कुल्फीत उतरू शकतो.

या ५० लिटरचा आणखी एक फायदा. ते मिश्रण एक अंशाने तापायला साधारण १८० किलोज्यूल लागतात. म्हणजे कंप्रेसर बंद असताना १०० कुल्फ्या बुडवल्या तरी टाकी सहा अंशांच्या आसपासच चढेल. सुरुवातीचा धक्का द्रव झेलतो, कंप्रेसर सावकाश भरपाई करतो.

याच गोष्टीमुळे खर्च वाचवता येतो. दोन घाण्यांमध्ये एक तासाऐवजी दोन तासांचं अंतर ठेवा. मग गणित होतं १५३ अधिक १००, त्यावर २५ टक्के, म्हणजे साधारण ३२० वॉट. कंप्रेसर लहान, नळी ७ मीटर, वीजही कमी. दिवसाला किती कुल्फ्या विकल्या जाणार आहेत, हे आधी ठरवलं तर यंत्र कितीचं घ्यायचं ते आपोआप ठरतं.

सगळं मापात असूनही कुठे अडतं?

पहिल्या दिवशी टाकी ३२ अंशांवर असते. ती उणे १८ वर न्यायला साधारण ९००० किलोज्यूल उचलावे लागतात. त्याला चार ते सहा तास जाणारच, म्हणून मशीन आदल्या रात्री चालू करायचं. याच वेळी एलबीपी कंप्रेसरवर ताणही येतो, कारण गरम टाकीतून दाट वाफ येते आणि मोटर जास्त करंट ओढते. त्यासाठी दाब ठराविक पातळीपुढे जाऊ न देणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह मिळतो, त्याला एमओपी म्हणतात.

दुसरी गोष्ट कंडेन्सर. तो फक्त ५०० वॉट टाकत नाही. कंप्रेसरची वीजही उष्णता होऊन तिथेच येते. या तापमानाला कंप्रेसर साधारण ४०० वॉट ओढतो असं धरलं, तर कंडेन्सर ९०० वॉटचा हवा, पंख्यासह आणि मोकळ्या हवेत. भिंतीला चिकटवून ठेवला की सगळं गणित बिघडलं.

तिसरी गोष्ट जोडकाम. ब्रेझिंग, गळती तपासणी, व्हॅक्यूम आणि गॅस भरणं ही कामं परवानगीच्या अवजारांनी, जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यायची. गळती तपासायला कोरडा नायट्रोजन वापरतात. ऑक्सिजन कधीच नाही. कंप्रेसरच्या तेलाशी तो दाबाखाली भेटला तर स्फोट होतो. ओल्या जागेत चालणाऱ्या या यंत्राला अर्थिंग आणि शॉक लागताच वीज तोडणारा आरसीसीबी हवाच.

आणि एक मर्यादा. गॅस उणे ३५-४० च्या खाली उकळवायचा असेल तर एकेरी कंप्रेसरचा नाद सोडा. प्रयोगशाळांमधले उणे ८० चे फ्रीझर एकावर एक अशी दोन चक्रं लावून चालतात. ते घरगुती काम नाही.

थोडक्यात काय, तर क्रम उलटा करू नका. आधी कुल्फ्या मोजा, मग उष्णता मोजा, मग गॅस किती तापमानाला उकळणार ते ठरवा, त्या तापमानाचा रकाना बघून कंप्रेसर निवडा आणि सगळ्यात शेवटी नळी कापा. भंगारात स्वस्त मिळाला म्हणून आधी कंप्रेसर उचलला, तर पुढचा सगळा उन्हाळा गॅस भरण्यात जातो.